जमिनीखालची पाऊण बादली

माझे काका आयुष्यभर समुद्राचं पाणी गोडं करत होते. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्याचं पाणी काढणारं यंत्र असतं, ते त्यांच्या ताब्यात. कप्तान असो की भांडी घासणारा, सगळे काकांच्या हातचं पाणी पीत. "बेचव असतं, पण मिळतं," एवढंच ते सांगत. काकांना बढाया मारता येत नसत. ती उणीव आमच्या घराण्यातल्या बाकीच्यांनी भरून काढली आहे.

वर्षातले बहुतेक महिने ते बाहेर. घरी काकू आणि दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ. काका सुट्टीवर आले की दादा आधी लाजून "अहो बाबा" म्हणे आणि "ए बाबा"वर येईपर्यंत काकांची बॅग भरलेली असे.

"जगातलं सगळं पाणी शंभर बादल्या धरा," काका आम्हा दोघांना समोर बसवून सांगत. "साडेसत्त्याण्णव खाऱ्या. उरल्या अडीच. त्यातल्या पावणेदोन बर्फ होऊन बसल्यात. पाऊण बादली जमिनीच्या पोटात."

"आणि नद्या, तळी?" मी विचारायची.

"अर्धा पेला."

"मग तू त्या खाऱ्या बादल्यांवर कशाला राहतोस?" दादा विचारायचा. काका हसायचे.

काकू गेल्या तेव्हा काका भर समुद्रात होते. येईपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढे ते निवृत्त होऊन किनाऱ्याजवळच्या आपल्या घरात परतले, तोवर दादा बायको आणि दोन मुलांसह दूरच्या शहरात स्थिरावला होता. एवढ्या मोठ्या घरात काका एकटे. ताट एक, उशी एक. त्यांना एकच हवं होतं: दादाने इथे राहायला यावं. "मी त्याच्याबरोबर राहिलोच नाही गं," ते मला म्हणाले. "आता तरी राहू दे."

दादा नाही म्हणाला नाही. त्याचं काम घरूनही होण्यासारखं होतं. पण विहिरीचं पाणी शेंदायचं, बादलीने अंघोळ करायची, हे वहिनी-मुलांना कसं जमायचं?

झालं. काकांनी विहिरीवर दणदणीत पंप बसवला. गच्चीवर टाकी, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, अंगणात हिरवळ, नातवंडांना डुंबायला हौद. मी म्हटलं, "काका, राजवाडा बांधताय की घर?" ते खूश होऊन नळ सोडून दाखवत राहिले.

किनाऱ्यालगत जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. वरवरचं थोडं घेतलं तर पाऊस भर घालतो. ओरबाडलं की खालचं खारं वर येतं. काकांना हे ठाऊक नसेल असं नाही. पण हाताला वळण जहाजावरचं. तिथे पाणी कमी पडलं की झडप आणखी उघडायची. समुद्र कुठे संपतोय?

दादा सहकुटुंब सुट्टीला आला, "राहून तर बघू" म्हणून. दिवसभर पंप चालू. मुलं हौदातून बाहेर येईनात आणि काका काठावर टॉवेल घेऊन उभे. इतके आनंदी मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग एका सकाळी वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, यात मीठ पडलंय का?"

काकांनी एक घोट घेतला आणि पंप बंद करायला गेले. ती चव त्यांना कुणी सांगायला नको होती.

दादा सुट्टी अर्धी टाकून गेला. "अहो बाबा, तुम्हीच आमच्याकडे या," म्हणाला. काका गेलेही, आणि आठवडाभरात परतले. "सगळे फार नीट वागतात गं. पाहुण्याशी वागतात तसे."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी त्यांना फाडफाड बोलले, मग घरी येऊन रडले. काकांनी पंप काढला. हिरवळ वाळली. प्यायला विकतचा कॅन यायचा. रोज सकाळी ते एक बादली शेंदत, थेंब जिभेवर ठेवत आणि थुंकत. पावसाळे गेले.

परवा मी गेले तर त्यांनी हातात पेला दिला. पाणी गोडं होतं. "दादाला कळवा आधी," मी म्हटलं.

"त्याचाच फोन आला होता. कायमचे येतो म्हणाला. पोरं मोठी झालीत, शेंदतील म्हणाला."

"मग?"

"मग मी काही दिवस पाच माणसांचं पाणी शेंदून बघितलं. काढायचं आणि अंगणात ओतायचं. मीठ लागायला लागलं. थांबलो, तेव्हा कुठे परत असं झालं."

त्यांच्या तळहातांवर दोराचे वळ होते. मी टँकरचा विषय काढला, तर म्हणाले, "विकतच्या पाण्यावर सुट्टी निघते गं, आयुष्य नाही निघत."

"दादाला काय सांगितलंत?"

"नको येऊस म्हटलं." ते तळहातावरचे वळ चोळत म्हणाले, "पहिल्यांदाच तो स्वतःहून येतो म्हणाला होता."

मी पेला संपवला. पाणी खरंच गोडं होतं, एका माणसाला पुरेल एवढं.