मोजपट्टी लावून मारलेली रेघ

वाचनालयाच्या रस्त्याकडच्या खिडकीला लागून एक काचेचं कपाट आहे. त्याच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘लहान धंदेवाल्यांसाठी’. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली ग्रंथपालबाईंच्या कमरेला. त्यातलं पुस्तक हवं असेल तर आधी बाईंना आपल्या दुकानात बोलवावं लागतं. दुकान बघितल्याशिवाय पुस्तक नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण बाजारातल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे.

बाई दुपारच्या सुट्टीत येतात. भिंतीला पाठ लावून तासभर उभ्या राहतात. चहा विचारला तर नको म्हणतात. गिऱ्हाईक आत येताना कुठे थबकतं, मालक मान वर करतो का, हात आधी कशाकडे जातो, एवढं बघतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी पुस्तक तयार असतं. बेकरीवालीने त्या तासाभरात चार जणांना अशक्य वेळेला केक द्यायचं कबूल केलं होतं. तिला त्यांनी ‘नाही’ कसं म्हणावं याबद्दलचं एक बारीकसं पुस्तक दिलं. “पहिली तीन प्रकरणं सोडून द्या,” म्हणाल्या. “तिथे लेखक स्वतःचंच कौतुक करतोय.”

चावीवाल्याला हे उभं राहणं पटलं नव्हतं.

“बाई, एवढी भानगड कशाला? श्रीमंत करणारं एखादं पुस्तक द्या आणि मोकळ्या व्हा.”

“त्याची एकच प्रत होती. ज्याने लिहिलं तोच घेऊन गेला.”

“मग निदान माझ्यात काय कमी आहे ते तरी सांगा.”

“किल्ली हरवलेलं माणूस रडकुंडीला येऊन तुमच्याकडे येतं आणि तुम्ही त्याला विचारता, अशी हरवतेच कशी? आधी बसायला स्टूल द्या.” मग त्यालाही एक पुस्तक मिळालं. स्टूलही आलं. त्याच्यावर आता तो स्वतःच बसतो, हे बाईंना ठाऊक आहे.

मी त्या वाचनालयात पुस्तकांना बारकोड चिकटवायला गेले होते. सगळं काम संगणकावर जाणार होतं. अकरा हजार पुस्तकं आणि चार महिने. धंद्याच्या कपाटाशी आले तेव्हा रजिस्टरमध्ये एकशे बारा नोंदी होत्या आणि पुस्तकं एकशे अकरा. बाईंना विचारलं. त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडून एक पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

मधल्या जाडीचं, करड्या रंगाचं. मागचा पुठ्ठा मात्र सुजल्यासारखा वर आलेला. उघडलं तर तारखेच्या पट्ट्या, एकीवर एक, एकीवर एक, जखमेवर पट्टी बदलताना आधीची काढायची विसरावं तशा. प्रत्येक पट्टीवर दर पंधरा दिवसांचा शिक्का, आणि प्रत्येक शिक्क्यासमोर एकच सभासद क्रमांक. बाईंचा. एकोणीस वर्षं ते पुस्तक त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिलं नव्हतं.

“एवीतेवी कोणी मागत नाही,” त्या म्हणाल्या.

“संगणक तीनदाच मुदत वाढवून देतो, बाई. मग ते कपाटात ठेवावं लागेल.”

“तीनदाच?”

त्यांनी खण लावून घेतला. बारकोड चिकटवायचा राहिला.

त्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ हातावर कोट टाकून आत आले. कोटाचं मधलं बटण तुटलेलं होतं. “इथे समोर बटणांचं दुकान होतं ना?”

बाई काहीतरी लिहीत होत्या. पेन्सिल थांबली. खिडकीजवळच्या एका रिकाम्या खुर्चीकडे त्यांची मान वळली, तिथून उत्तर येणार असल्यासारखी. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, “बंद झालं ते दुकान. एकोणीस वर्षं झाली.”

“काय सांगता! इतकी?” गृहस्थांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला. “तिथे एक बटणसुद्धा मिळायचं हो. एकच.”

ते गेल्यावर बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “माझ्या दादाचं दुकान. अजून येतात माणसं. वर्षातून पाच-सहा. हातात कपडा घेऊन.”

त्या दुपारी आणि नंतरच्या काही दुपारी त्यांनी मला जे सांगितलं ते असं. दुकानाची एक अख्खी भिंत लाकडी खणांची होती. प्रत्येक खणावर आत काय आहे ते कळावं म्हणून एक बटण शिवलेलं. त्यातले साठ खण सुट्या बटणांचे, म्हणजे ज्यांचा जोड कुठे मिळायचा नाही अशांचे. लोक कोट, स्वेटर, शाळेचा सदरा घेऊन यायचे. दादा म्हणायचा, “बसा. असेल कुठेतरी.” आणि अर्ध्या तासाने ते बटण सापडायचं. पण दिवसभर अशी एकेक बटणं शोधून धंदा वाढत नव्हता, आणि वहिनी धुसफुसत होती. बाईंना वाटलं, आपण ग्रंथपाल, आपला भाऊ असा अडलेला, आपल्या कपाटात एवढी पुस्तकं. त्यांनी एक पुस्तक काढलं. लोक त्याची तारीफ करत होते. एका दुपारी ते चाळलं आणि त्रेचाळिसाव्या पानावरच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मोजपट्टी लावून. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघ मारण्याची ती त्यांची पहिली वेळ.

ती ओळ अशी : ‘वर्षभर ज्याला हात लागला नाही, तो माल दुकानातून काढा.’

दादाने महिन्याभरात साठही खण रिकामे केले. दोन पोती भरली. ती हातगाडीवर चढवताना बाईंनी याच खिडकीतून पाहिली.

“मला आनंद झाला होता त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “हे सांगायलाच हवं. वाटलं, दादाने ऐकलं माझं.”

एका बटणासाठी येणारी माणसं हळूहळू यायची थांबली. आणि तीच तर जाताना दोरा घ्यायची, सुया घ्यायची, लेकीच्या फ्रॉकसाठी डझनभर नवी बटणं घ्यायची. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागलं. पुस्तक परत आलं तेव्हा बाईंनी ते पहिल्यांदा सगळं वाचलं. चव्वेचाळिसाव्या पानावर, अगदी वरच, लिहिलं होतं : ‘मात्र काढण्याआधी काही दिवस उभे राहून बघा, त्या मालाची चौकशी करायला कोण येतं, आणि जाताना आणखी काय घेऊन जातं.’

पान उलटायचं राहिलं होतं. एवढंच झालं होतं.

दुकान गेल्यावर दादा रोज सकाळी वाचनालयात येऊन वर्तमानपत्र वाचायचा. खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत. कोणी कपडा घेऊन आत आलं तर बाईंच्या आधी तोच मान वर करून सांगायचा, “बंद झालं ते दुकान,” जणू परक्याच कोणाचं. पुस्तकाचा विषय त्याने कधी काढला नाही. बाईंनीही काढला नाही. ओळीखालची रेघ दादाचीच, असंच घरातले समजत असणार, असं त्या धरून चालल्या. सतरा वर्षं तो समोर बसला, आणि दोन वर्षांपूर्वी गेला.

“रोज वाटायचं, आज बोलते,” त्या म्हणाल्या. “मग तो वर्तमानपत्राची घडी घालून उठायचा.”

रस्ता ओलांडून त्या बाजूला बाई कधी जात नसत. मंडईत जायचं तरी चौकातून वळसा घालून जायच्या. ते दुकान मधे काही वर्षं मोबाइलवाल्याकडे होतं, मग नुसतंच बंद. आणि आता त्याचं शटर अर्धं उघडं दिसू लागलं होतं. आतून खरवडल्याचा आवाज यायचा. खिडकी लावून घेतली तरी यायचा.

एका सकाळी दादाची मुलगी वाचनालयात आली. तिशीची, केसांत रंगाची धूळ, गळ्यात मोजायची टेप. ती बारा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करत होती.

“आत्या, दुकान घेतलं. तेच. कपडे दुरुस्ती आणि बटणं.”

“कळलं. आवाज येतो.”

“मग बघायला ये की. दुकान बघितल्याशिवाय पुस्तक देत नाहीस म्हणे. माझ्यापुरता नियम बदलला का?”

“तुझं दुकान मला माहीत आहे गं.”

“बाबांचं माहीत आहे. माझं तू कुठे बघितलंयस?”

बाईंनी रजिस्टर उगाच पुढे ओढलं, मग मागे सारलं.

“आणि मला कुठलं पुस्तक हवंय तेही ठरलंय,” भाची म्हणाली. “बाबांनी वाचलेलं. करड्या रंगाचं होतं, घरी खिडकीत पडलेलं असायचं.”

“ते वाचण्यासारखं नाही.”

“ते मी ठरवते ना. आहे, की हरवलं?”

माझा हात बारकोडच्या गुंडाळीवर होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. “ते कोणाकडे तरी आहे,” त्या म्हणाल्या.

“मग परत आलं की सांग. मी वाट बघेन. बापासारखी आहे मी, मला सवय आहे.” ती हसत गेली. बाई हसल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी जेमतेम बोलल्या. दोनदा त्यांनी मला विचारलं, “कोणी आलं का गं आत?” आणि दोन्ही वेळा दारात कोणी नव्हतं. खुर्चीवर ठेवलेलं वर्तमानपत्र त्यांनी उचललं, घडी घातली, परत तिथेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खाऊन आले तर पुस्तक त्यांच्यापुढे उघडं होतं आणि त्या खोडरबराने त्रेचाळिसावं पान पुसत होत्या. कागद फाटू नये म्हणून डाव्या हाताची दोन बोटं दोन्हीकडे रोवलेली. रेघ गेली. रबराचे कण त्यांनी फुंकून टाकले. मग त्याच जागेवरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

“हात लाव,” मला म्हणाल्या.

मी लावला. शिसं गेलं होतं, पण पेन्सिल एवढी दाबून चालवलेली होती की कागदात खाच राहिली होती. सरळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. डोळे मिटून वाचता आली असती.

बाईंनी पुस्तक मिटलं, काखेत धरलं. “चल माझ्याबरोबर. रस्ता ओलांडायचाय,” म्हणाल्या. गाड्या काही फार नव्हत्या. तरी दोनदा मोकळा झालेला रस्ता त्यांनी जाऊ दिला. तिसऱ्यांदा माझा दंड धरला आणि निघाल्या.

आत शिलाईचं यंत्र, एक टेबल आणि बटणांच्या तीन प्लास्टिकच्या बरण्या एवढंच होतं. बाकी ती भिंत. भाचीने मोबाइलवाल्याचा रंग खरवडून काढला होता, आणि खाली जुन्या खणांच्या जागा उमटून आल्या होत्या. लहान-लहान फिकट चौकोन, ओळीने, छतापर्यंत. मधल्या रेषा काळपट. खण नव्हते, पण मोजता आले असते.

“ये,” भाची म्हणाली. “कुठे उभी राहतेस?”

बाई दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. चहा नको म्हणाल्या. मी बाहेरच्या पायरीवर बसले.

तासाभरात तीन गिऱ्हाइकं आली. एका मुलीच्या दप्तराची चेन, एका बाईच्या पडद्याची किनार. तिसरे तेच म्हातारे गृहस्थ होते, तोच कोट. दुकान उघडल्याचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. भाचीने कोट घेतला, उरलेल्या बटणावर अंगठा फिरवला, म्हणाली, “बसा. असेल कुठेतरी.” आणि नजर कोटावरच ठेवून उजवा हात उचलला. हात वर गेला, डावीकडे, भिंतीच्या चौथ्या ओळीपर्यंत, आणि फिकट चौकोनावर बोटं मिटली. तिथे काही नव्हतं. लहानपणी ती या भिंतीखाली बसून बटणं ओवायची. हाताला अजून वाट माहीत होती.

तिने हात खाली घेतला. “आठवड्याने या, काका. शोधून ठेवते.”

ते गेल्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या. पायरीवरून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

“ती रेघ माझी होती. पुस्तकातली. दादाची नव्हे.”

भाचीने यंत्रात दोरा ओवला. “माहीत आहे.”

“कोणी सांगितलं?”

“बाबांनीच. म्हणायचे, हिने मोजपट्टी लावून रेघ मारली होती, म्हणून मी पुढे विचारच केला नाही. माझी बहीण उगाच मोजपट्टी लावायची नाही.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“मग मला एकदा तरी बोलायचं,” बाई म्हणाल्या. “रोज तर समोर बसायचा.”

“मी म्हटलं होतं त्यांना. तर म्हणाले, तिने विचारलं की सांगेन.”

बाईंनी पुढे होऊन चौकोनांच्या भिंतीवर हात टेकवला. हाताखाली काळपट रेषा होती, दोन चौकोनांमधली. त्यांच्या बोटांना खरवडलेला चुना लागला. मग त्यांनी काखेतलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

“चव्वेचाळिसाव्या पानापासून सुरू कर. त्रेचाळीस नंतर वाच. आणि माल काय ठेवायचा ते पुस्तकाला विचारू नकोस, त्या कोटवाल्यांना विचार.” मग म्हणाल्या, “हे मी सगळं वाचलंय म्हणून सांगते.”

“रेघ पुसलीस?” भाचीने पान उजेडाकडे तिरकं धरलं. “दिसतेय तरी.”

“दिसू दे.”

दुसऱ्या दिवशी भाची ते पुस्तक नोंदवायला घेऊन आली, तेव्हा मी त्याला बारकोड चिकटवला. संगणकावर त्याची पहिली नोंद भाचीच्या नावावर झाली, मुदत पंधरा दिवस. पुस्तक घेऊन जाताना तिने मागच्या सगळ्या पट्ट्या अंगठ्याने फर्रकन उलटल्या, आणि काही विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी बाईंनी शिक्का उचलला, तारखेचं चाक फिरवलं, शाईला टेकवला आणि खालचा खण उघडला. खण रिकामा होता. शिक्का हातात धरून त्या जरा वेळ तशाच वाकून राहिल्या.

चार दिवसांनी संगणकाने त्या पुस्तकासमोर लाल खूण दाखवली. समोरच्या दुकानात भाची स्टुलावर उभी राहून भिंतीला फळी ठोकत होती.

“बाई, मुदत उलटली. आठवण पाठवू का?”

त्यांनी खिडकीतून पाहिलं, मग खुर्चीकडे.

“राहू दे,” म्हणाल्या. “दादाही कधी वेळेवर आणून द्यायचा नाही.”