फारकतीला लागतात तेवढेच प्रश्न

वकिलाच्या मुन्शीनं माझा अंगठा धरला आणि शाईत दाबला. विचारलं नाही, सांगितलं नाही. बाजारात गिऱ्हाईक वांगं दाबून पाहतं तसा दाबला. मी हात ओढून घेतला तेव्हा शाई लुगड्याला लागली. ओसरीवर बाकांवर बसलेले पक्षकार हसले. आम्ही बाकावर नव्हतो. बा आणि मी खाली, पायरीजवळ, लोकांनी काढलेल्या जोड्यांशेजारी.

"मले सही येते," मी म्हटलं.

वकील गादीवर लोडाला टेकून बसला होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. माझ्याकडे नाही, बाकड्यांवरच्या मंडळींकडे.

"सही येते, म्हणूनच नवऱ्याला नकोशी झाली."

पुन्हा हसू. बासुद्धा हसला. माझा बाप. भ्यालेला माणूस हसतो तसा.

आम्ही माळी. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि गावाला लागून आमची वाडी. मोटेच्या पाण्यावर वांगी, मेथी, कांदे. मी सातवी पास झाले आणि चौदाव्या वर्षी मला रिठदला दिलं. सासर आमच्यापेक्षा मोठं, बागाईत दांडगी. तिथं कांद्याची लावण वाढली आणि नवऱ्यानं दुसरी आणली. गावात सांगितलं, पहिलीला मूल होत नाही. घरात सांगितलं ते खरं होतं. हात कमी पडून राह्यले. तेव्हा दुसरी आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. ती माझ्याहून लहान. वाफ्यात आम्ही दोघी पाठीला पाठ लावून रोपं खोचायचो आणि बोलायचो नाही. एकदा पाण्याची पाळी चुकली म्हणून त्यानं मला फावड्याच्या दांड्यानं मारलं. मी तशीच चालत वाशीमला आले. परत गेले नाही.

आमच्यात फारकत म्हणजे काडीमोड. पंच बसतात, नवरा पंचांसमोर तुराटीची काडी मोडतो, बाई मोकळी. पण मोडायची ती नवऱ्यानं. बाईनं गठ्ठाभर तुराट्या मोडल्या तरी त्यांचा चुलीपलीकडे उपयोग नाही. बानं पंच बसवले. नवरा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मी मोडत नाई. दोघी बी नांदवतो. लावनीले बंडी घेऊन येतो, तयार ठेवा तिले." पंच खाली पाहत राहिले. त्यातले दोघं त्याचं बियाणं नेणारे.

म्हणजे पुढच्या लावणीला तो बैलांची बंडी घेऊन येणार होता. आणि बंडीत घालून नेताना मला अडवणारं कोणी नव्हतं. माय रोज वाडीच्या कवाडाकडे पाहायची.

पंचावन्न साली हिंदूंच्या लग्नाचा नवा कायदा झाला होता. बाईलाही कोर्टातून फारकत मागता येते, एवढं चावडीवर बाच्या कानावर आलं. म्हणून आम्ही वकिलाच्या ओसरीवर. बानं येताना ताजी मेथी आणली होती. ती आतल्या बाईनं घेतली. आम्हाला पाणी वरून ओंजळीत घातलं.

वकिलानं सगळं ऐकलं. मग बाला म्हणाला, "अरे, तुमच्यात काडी मोडली की झालं. आज हा, उद्या तो. आमच्या घरच्या बायकांच्या तोंडून तर फारकत हा शब्दही निघत नाही. कोर्टकचेरी तुम्हाला हवी कशाला?"

मला राहवलं नाही.

"तुमच्या बायाईले नको, आमाले गरज नाई. मंग कायदा केला कोनासाठी?"

बाकावरचं एक माणूस खोकलं. वकिलाचा चेहरा तेवढ्यापुरता उतरला. मग तो सावरून बसला.

"कायदा पाहिजे ना? कायद्याला पुरावा लागतो. आता विचारतो त्याची उत्तरं दे."

आणि त्यानं विचारलं. नवरा जवळ घेत होता का. सवत आल्यावरही घेत होता का. सवत कुठं निजायची, मी कुठं. मध्ये पडदा होता का. लग्नाआधी कोणी होतं का. भरल्या ओसरीवर, मोठ्या आवाजात. मी एकोणीस वर्षांची. बाप शेजारी. कायद्याला लागतं असं तो म्हणाला, म्हणून मी सांगत गेले. कायदा म्हणजे डॉक्टरसारखा असेल असं वाटलं. त्याच्यापुढं लाज ठेवायची नसते. समोर पान लावणारा हात थांबला होता. सगळे ऐकत होते. बा मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

हे झाल्यावर मुन्शी वकीलपत्र घेऊन आला. अंगठा त्यासाठी.

मी म्हटलं, त्याच्यात काय लिहिलं ते वाचून दाखवा, मग सही करते. वकील म्हणाला, बापाला समजावलंय. मी बाला विचारलं, काय समजावलं. बा म्हणाला, "ते म्हनतात, कोर्टाचं मी पाहून घेईन."

मी उठले. बाच्या हाताला धरून त्यालाही उठवलं. पायरीवरून उतरताना मागून ऐकू आलं, "ही काय नांदणार." रस्त्यात बा चिडला. पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "आता कोन घेते आपली केस? लावनी आली तोंडावर." मला एवढंच माहीत होतं की त्या ओसरीवर परत जायचं नाही.

गाडीनं अकोल्याला गेलो. जिल्ह्याचं कोर्ट तिथंच. कोर्टाबाहेर विचारत विचारत एका म्हाताऱ्या मुसलमान वकिलाकडे पोचलो. तो काही प्रेमळ नव्हता. घाईत होता, आणि फी आधी सांगितली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं उर्दू.

"दुसरी आणली, कायद्याच्या पहले का बाद में?"

"आधी."

"जिंदा है?"

"हाय."

त्यानं दौतीचं झाकण लावलं. "बस. अर्जी होते तुझी."

मी उभीच. "बाकी नाई विचारत?"

"बाकी काय? कायद्यात बाकी काही नाही."

मला वाटलं, त्याला नीट कळलं नाही. मी म्हटलं, सवत आल्यावर मी तिथं राहिले, ते सगळं. तो त्रासून म्हणाला की कायद्याच्या आधी नवऱ्यानं दुसरी केली आणि ती जिवंत असली की पहिलीला फारकत मागता येते. कुठं निजली, कशी निजली, कोर्टाला घेणं नाही. मग पुढचं सांगितलं. अर्ज जाईल, नवऱ्याला नोटीस निघेल, तारीख पडेल, दुसरं लग्न शाबीत करावं लागेल. अर्ज कोर्टात असताना तो बंडी घेऊन आला तर मला कळवा, म्हणाला.

दोन प्रश्न. सगळे मिळून दोनच. मग ओसरीवरचे बाकीचे कोणासाठी होते? कायद्यासाठी नव्हते. त्या बाकड्यांसाठी होते. माझं निजणं त्यानं पानाच्या तबकासारखं फिरवलं होतं आणि मी ते कायद्याचं काम समजले. मला रडू आलं नाही. राग आला.

कायद्याचं पुस्तक तिथंच होतं. ती ओळ कोणती ते दाखवा, मी म्हटलं. त्यानं बोट ठेवलं. इंग्रजी. मला एक अक्षर लागेना. माझ्या सुटकेची ओळ, आणि मी तिच्यापुढं आंधळी. ही भाषा शिकायची, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं.

नोटीस पोचल्यावर नवऱ्याची बंडी आली नाही. तारीख आली. कोर्टात पाहते तर नवऱ्याच्या बाजूनं काळा कोट घालून वाशीमच्या ओसरीवरचाच वकील उभा. आमचं सगळं ऐकून घेतलेला. त्यानं आधी नवऱ्याकडून वदवून घेतलं, दुसरं लग्न झालंच नाही, लोक उगाच बोलतात. मग माझ्याकडे वळला.

"त्या बाईनंतरही तू नवऱ्याजवळ निजत होतीस. माझ्या ओसरीवर तूच सांगितलंस. खरं ना?"

माझा वकील उठायला लागला. मी त्याच्या आधी बोलले.

"ह्याचं उत्तर मी देत नाई. कायद्यात हा सवाल नाई. दुसरी बायको हाय का नाई एवढाच सवाल हाय, आन् ती बाहेर झाडाखाली भाकरी थापून राह्यली."

खोटं नव्हतं. नवऱ्यानंच तिला रिठदहून सोबत आणली होती. अकोल्यात त्याच्या भाकरीची सोय कोण करणार? ती लपवायची असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बायको त्याला पोत्यासारखी, बंडीत असायचीच.

जजसाहेबांनी तिला आत बोलावलं. पिठाच्या हातानं आली. हळद लावून लग्न लागलं का, विचारलं. व्हय. कोणाशी? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिनं घेतलं नाही. तिनं हात वर केला आणि सगळ्या कोर्टासमोर त्याच्याकडे बोट दाखवलं.

फारकत मिळाली. ती बाहेर आली, परात उचलली आणि त्याच्या मागं बंडीत जाऊन बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या वाट्याचे वाफे आता तिच्या अंगावर पडणार होते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

घरी बा पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं, बोलायला लागला. मी नाही म्हटलं आणि इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. घरात आणि आळीत लोकांनी काय काय म्हटलं ते लिहीत बसत नाही. मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नाही. ती ओळ आता मला लागते. पुढच्या-मागच्याही लागतात.

आता मानोऱ्याकडच्या, अनसिंगच्या बाया माझ्याकडे येतात. वकिलाकडे एकटं जायचं भेव वाटते म्हणतात. मी सोबत जाते आणि बाईला आधी बाकावर बसवते. वकिलानं नको ते विचारायला तोंड उघडलं की मी म्हणते, कोणत्या कलमात आहे ते दाखवा. काही रागावतात, काही केस घेत नाहीत. न घेवोत. मी बाईला उठवते आणि पुढच्या ओसरीवर नेते. कलम दाखवल्याशिवाय त्यांना माझ्यासमोर कोणत्याही बाईकडून उत्तर मिळणार नाही.