बर्फाच्या लादीचे डॉक्टर

एकदा मी पेशंटच्या अंगावरचा सगळा बर्फ काढून टाकला आणि त्याच्या खाटेखाली शेगडी सारली. बाळंतिणीला देतात तसा शेक! हसा, मीही हसते. तेव्हा निपाणीतल्या एका लहानशा दवाखान्यात मी नवी नर्स होते. डोक्यावर कडक पांढरी टोपी, आणि टोपीखाली काही नाही.

तिथले म्हातारे डॉक्टर सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत शांतपणे म्हणायचे, "घाई न्हाय गं पोरी, आत्ताच्या आत्ता पायजे." आणि आम्ही पळायचो.

कोगनोळीकडच्या एका शेतकऱ्याला विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला. बैलगाडीतून आणला, तर दारातच नाडी गेली. डॉक्टरांनी छाती दाबदाबून ती परत आणली, पण शुद्ध येईना. मग त्यांनी भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी मागवली आणि तुकडे त्याच्या डोक्याशी, मानेला, काखेत लावायला सांगितले.

त्याची बायको मला सारखी विचारायची, "बाई, शुद्धीवर आल्यावर वळकतील न्हवं मला?"

दुपारी डॉक्टर जेवायला गेले. पेशंटची बोटं गार, नखं निळसर. मला कळवळा आला. म्हटलं, ह्या म्हाताऱ्या डॉक्टरला काय कळतंय! पुढचं सांगितलंच.

डॉक्टर आले. ओरडले नाहीत. शेगडी स्वतः उचलून अंगणात ठेवली.

मीच भांडले, "गारठून मरंल की वो!"

"रक्त थांबलं हुतं त्याचं. डोकं उपाशी राहिलंय. गार डोक्याला भूक कमी लागती, तग धरतंय. लई डॉक्टरांनी सोडून दिलंय हे बर्फाचं. मला दुसरं काय येत न्हाय. लाव बर्फ."

लावला. एक दिवस ठेवून हळूहळू काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले, बायकोकडे बघितलं आणि खरखरीत आवाजात म्हणाला, "लेकरं कुणाकडं ठिवलीस?"

"तुमच्या आईकडं," म्हणाली, आणि हसता हसता खाली बसून रडली.

मी व्हरांड्यात जाऊन डॉक्टरांचे पाय धरायला वाकले. आता ते नाहीत, म्हणून सांगते. ते म्हणाले, "ऊठ पोरी. तू एक दुपार घाबरलीस, मी तीन दिस घाबरलोय. कुणाला सांगू नगंस."