आधी काय नाही, ते वाचा

कुणी नवी पॉलिसी हातात घेतली, की सर ती अलगद काढून घेत, पालथी करत, शेवटाकडचे एक पान उघडत आणि पुन्हा त्याच्याचपुढे सरकवत. "आधी काय नाही, ते वाचा. मोठ्यानं," म्हणत. "काय आहे, ते मी नंतर सांगतो."

नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका विमा सल्लागाराच्या कचेरीत ते माझे वरिष्ठ होते. मी तिथे लागले तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधीची वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवण्यात गेली होती, आणि नव्या कामात मी सतत बिचकत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'मास्तरीणबाई' करून टाकले. "इंग्रजी तुम्हाला येतंच, मास्तरीणबाई. आता फक्त कंटाळायचं नाही, एवढं शिका."

भरपाई कशाकशाला मिळत नाही, ते पान ग्राहकांना मोठ्याने का वाचायला लावता, असे मी एकदा भीत भीत विचारले. ते म्हणाले, "मी वाचलं तर ते मान डोलावतात. स्वतः वाचलं, की निदान जिभेला आठवतं."

मोठमोठे कारखानदार मग पाचवीतल्या मुलांसारखे अडखळत वाचत. एकजण वैतागून म्हणाला होता, "अहो सर, मंगलाष्टकं व्हायच्या आधीच घटस्फोटाचं कशाला काढता?"

"नंतर कुणी ऐकत नाही म्हणून," सर म्हणाले.

ही सवय त्यांनी कचेरीतच ठेवली असती, तर गोष्ट वेगळी. खानावळीतही ते वाढप्याला विचारत, "आज काय नाही?" तो बिचारा आठवून आठवून सांगे, मटकी नाही, ताक नाही. "छान. मग उरलेलं आण." तुमच्याही ओळखीत असे एखादे गृहस्थ असतील. त्यांच्याबरोबर जेवायला संकोच वाटतो आणि ते नसले की जेवण बेचव लागते.

सकाळी मात्र ते काही न विचारता पोहे खात. शेवगावकडच्या एका शेतकरी कुटुंबातल्या गृहस्थांनी आमच्या रस्त्यावर पंपाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना काढला होता. त्याच्या फाटकाबाहेर एक नवरा-बायको पोह्यांची गाडी लावत. कुणाची काही वस्तू सापडली, तर ती त्या गाडीवर नेऊन ठेवायची, अशी आमच्या वसाहतीतली रीत होती. डबे, हेल्मेट, किल्ल्या, एकदा तर कुणाची कवळी. सगळे तिथे येतच असत, त्यामुळे वस्तू ज्याची त्याला मिळे. सरांचा चष्माही एकदा असाच परत आला. पोहेवाला हसत म्हणाला, "घ्या सर. त्ये न्हाई त्ये वाचायला लागंल की तुम्हाला."

त्या कारखान्याचे शेठ अंब्रेला पॉलिसी घ्यायला आले, तो दिवस मला आठवतो. कारखान्यामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर भरपाई देणारी साधी पॉलिसी त्यांच्याकडे होतीच. तिची मर्यादा संपली, की त्यापुढचे उचलणारी ही मोठी पॉलिसी. सरांनी पान उघडून पुढे केले. शेठ बोट ठेवून वाचू लागले आणि 'टेररिझम'पाशी थांबून हसले.

"हसू नका शेठ. खालच्या पॉलिसीत दहशतवादासाठी छोटीशी मर्यादा आहे. ह्या वरच्या पॉलिसीत तेवढीही नाही. त्याचं वेगळं कव्हर मिळतं, ते घ्या."

"आवो सर, नगरात कोन येतंय बॉम्ब टाकायला? भिंगारला लष्कर बसलंय की!" शेठ म्हणाले. "फुडल्या वर्षी बघू."

आम्ही सगळेच हसलो. शेठनी राहिलेला मजकूर वाचून पुरा केला आणि सही केली.

पुढचे वर्ष उजाडण्याआधी एका सकाळी फाटकापाशी एक बेवारस पिशवी दिसली. कारखान्याच्या वॉचमनने ती उचलली आणि रीतीप्रमाणे पोह्यांच्या गाडीवर नेऊन ठेवली.

आवाज कचेरीपर्यंत आला. मी तेव्हा कुणाचा तरी पत्ता टाइप करत होते. तो पत्ता मी पूर्ण केला, हे मला नंतर आठवले.

पिशवी कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, ते मला अजूनही नीट ठाऊक नाही. पोलिसांनी दहशतवादी कृत्याचा गुन्हा नोंदवला. पोहेवाल्याची बायको पाणी आणायला गेली होती आणि वॉचमन फाटकाकडे परतला होता, म्हणून ते दोघे वाचले. पोहेवाल्याचा एक डोळा जागीच गेला. दुसऱ्याची आशा होती. पण पुण्याला ऑपरेशने करावी लागणार होती, एकामागून एक, आणि लवकर. खालच्या पॉलिसीतली छोटी मर्यादा पहिल्या दवाखान्यातच संपली.

शेठ कचेरीत आले ते ओरडतच. "तुमीच म्हणला हुता न्हवं, वरची पॉलिसी हाय म्हनून?"

मी सरांकडे पाहिले. शेठच्याच तोंडून ऐकलेले ते वाक्य माझ्या कानात होते. सरांनी एवढी आठवण करून दिली असती, तरी पुरे होते.

"हो," सर म्हणाले. "मीच दिली होती."

शेठ खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

त्यानंतर सर विमा कंपनीशी भांडत राहिले. वॉचमनने पिशवी उचलून गाडीवर ठेवली, ही कारखान्याची चूक. चुकीला दहशतवाद कसे म्हणता, असा त्यांचा मुद्दा होता. पत्रे मी टाइप करत असे. पुण्याच्या कार्यालयातही ते जाऊन आले. उत्तर ठाम होते: इजेच्या मुळाशी असे कृत्य असेल, तर सोबत दुसरे कारण असले तरी भरपाई लागू नाही. सरांनी उत्तर वाचून घडी घातली. "बरोबर लिहिलंय," म्हणाले.

मग एके दुपारी पोहेवाल्याची बायको आली. तिला कुणीतरी सांगितले होते, की कागद या साहेबांकडे आहे. सरांनी पॉलिसी काढली, पालथी केली, पान उघडले आणि सवयीने तिच्यापुढे सरकवले.

"मला इंग्रजी येत न्हाई, सर. तुमीच वाचा."

इतक्या दिवसांत सरांनी ते पान ग्राहकापुढे स्वतः वाचलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी वाचले. एकेक ओळ मराठीत, सावकाश, काही न गाळता. ती पदर हनुवटीपाशी धरून ऐकत होती. वाचून संपले, तेव्हा तिने मान हलवली.

"न्हाई त्ये कळलं," ती म्हणाली. "आता काय हाय, त्ये सांगा."

सरांनी चष्मा काढून पानावर ठेवला. पंखा फिरत होता. मी चहा सांगायला उठले. परत आले तेव्हा ती निघून गेली होती आणि पान तसेच उघडे होते.

शेठनी जमेल तेवढे केले. तिला कारखान्याच्या कँटीनमध्ये काम दिले, ऑपरेशनसाठी धावाधाव केली. डोळ्याने तेवढी वाट पाहिली नाही.

सर त्यानंतरही काही महिने येत होते. पॉलिसी मात्र सरळ हातात देत. "सही इथं," एवढेच म्हणत. खानावळीत समोर येईल ते खात. एक दिवस त्यांनी राजीनामा दिला, निरोपसमारंभ नको म्हणाले आणि स्कूटरवरून गेले. मुलीकडे राहतात, असे ऐकते. फोन करावा असे वाटते. काय बोलायचे ते सुचत नाही.

परवा शेठ नूतनीकरणासाठी आले होते. दहशतवादाचे वेगळे कव्हर ते आता घेतात. सरांच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याला बाहेर फोन आला होता, म्हणून कागद मीच पुढे केले. "सही केलीत तरी चालेल," मी म्हटले.

शेठनी पॉलिसी पालथी केली. उभ्यानेच, बोट ठेवून, मोठ्याने सगळे पान वाचले. अडखळले तिथे पुन्हा वाचले. संपल्यावर सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबले.

मीही थांबले.