आईचा हिरवा ठिपका

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी लावायची एक डबी आम्ही बनवतो. डबी घरातली हालचाल टिपते आणि मुलाबाळांच्या मोबाइलवर ठिपका दाखवते. हिरवा म्हणजे सगळं ठीक. डबी बंद पडली तर लाल. डब्यांशी बोलणारा सर्व्हर मी लिहिलाय, आणि त्याचा मला भारी माज होता.

पहिली डबी मुलुंडला आईच्याच स्वयंपाकघरात लावली. तिला म्हटलं, "ही बंद झाली ना, तरी मला तिथे लगेच कळतं. तू काही काळजी करू नकोस." तोवर मी तिला रोज सकाळी फोन करायचे. मग फोन राहू लागला. ठिपका हिरवा दिसतोय ना, मग कशाला?

सर्व्हर एकाच वेळी सगळ्या डब्यांकडे कान लावून असतो, कुणा एकीसाठी अडून बसत नाही. डबी रीतसर बंद झाली तर जाताना तसं कळवते. टेबलावर मी प्रत्येक वेळी तशीच बंद करून बघितली आणि प्रत्येक वेळी ठिपका झकास लाल झाला. शेजारी बसणारा सहकारी म्हणालाही होता, "वायर उपटून बघितलीस का कधी? डबीकडून दर मिनिटाला 'आहे' असं कळवून घे ना. नाही आलं तर गेली समज." मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघू रे, डोकं नको खाऊस." वीजच गेली तर डबी काय कळवणार, कप्पाळ! सर्व्हर आपला कनेक्शन चालू आहे असं समजून, ठिपका हिरवाच ठेवून वाट बघत बसणार. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आळस केला, दुसरं काय.

त्या दिवशी अंधेरीला गिऱ्हाइकांसमोर डेमो होता. मी मोठ्या तोऱ्यात माझाच मोबाइल पडद्यावर लावला. "ही माझी आई. मुलुंडला असते. बघा, हिरवी." लोक कौतुकाने माना डोलवत होते, तेवढ्यात त्याच मोबाइलवर आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. मी बाजूला जाऊन घेतला.

"अगं, आहेस कुठे तू? काल सकाळी आई बाथरूममध्ये पडली. हात मोडलाय. प्लास्टर घालून माझ्याकडे आणलंय तिला. कालचा अख्खा दिवस गेला, मुलगी फिरकत नाही म्हणजे काय!"

आई घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करते. गावाला जायचं असो की दवाखान्यात, ती सवय सुटत नाही. मोडका हात धरूनसुद्धा तिने आधी मेन स्विच पाडला होता. डबी तिथेच मेली. मी परत फिरले तर पडद्यावर आई अजून हिरवी. गिऱ्हाइकांपैकी एक बाई म्हणाल्या, "सगळं ठीक ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काहीतरी पुटपुटून मी मोबाइल काढला आणि निघाले.

काकूंनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. आई सोफ्यावर प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती. मी बोलायच्या आत तीच काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या मालवणीत म्हणाली, "इला बघ माझा चेडू."

"आई, मला फोन का नाही केलास गं?"

"फोन कित्याक? तुका दिसता मा थंयसर सगळा. ह्या काकू फोन करतंय म्हणा होत्या, मियाच नको म्हटलंय. कामात आसतलंस, मोकळी झालंस काय येतलंस."

मला काही दिसलं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. काल सकाळपासून तिची खात्री होती की मला सगळं कळलंय आणि तरी मी आलेले नाही. आणि तेवढ्यासाठी ती माझ्यावर रागावलीसुद्धा नव्हती.