मंडपवाल्या चाचांचं बेट

आमच्या शहरात खरा दर्यावर्दी एकच होता, आणि त्यानं पन्नाशीपर्यंत हर्सूलच्या तलावाहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. हे म्हणजे आमचे शेजारी, मंडपवाले चाचा. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी मी इथल्या शाळेत भूगोल शिकवायला आलो, तेव्हा त्यांच्या भिंतीला भिंत लागून मला खोली मिळाली. भूगोलाचा मास्तर म्हटल्यावर त्यांनी माझं नाव, गाव काही विचारलं नाही. "मास्तर, नारळाचं झाड खाऱ्या पाण्याशेजारी कसं जगतं?" एवढंच विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. त्यांना येत होतं.

या वेडाचं मूळ काथ्याच्या दोरात होतं. मंडपाला लागणारा दोर मंगळूरच्या एका व्यापाऱ्याकडून यायचा, आणि तो वळला जायचा दूर समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. तिथं रस्ता नाही, मोटार नाही, कचेरी नाही. नुसत्या नारळी, पांढरी वाळू आणि वर्षाकाठी येणारी चार-दोन शिडाची गलबतं, असं त्या व्यापाऱ्यानं कधीतरी पत्रात लिहिलं होतं. झालं! दोराची नवी वेटोळी आली की चाचा आधी त्यांत नाक खुपसायचे. लोक मांडव ठरवायला आलेले, मुहूर्त तोंडावर, आणि हे डोळे मिटून वास घेताहेत. मग नवरदेवाच्या बापालाच विचारायचे, "तुमी समुद्र बघितला का?" फुलंब्रीचे एक पाटील चिडून म्हणाले, "चाचा, मला मांडव पायजे, समुद्र नको!" चाचांनी मांडव तर घातलाच, वर नारळाच्या झावळ्या मिळेनात म्हणून चारी कोपऱ्यांना शिंदीचे फाटे बांधून दिले.

कामात मात्र माणूस वाकबगार. उन्हाळ्यातल्या वावटळीत भल्याभल्यांचे मंडप पार पडेगावच्या दिशेनं उडाले, चाचांचा एकही नाही. "हवेसंगं भांडायचं नाय, मास्तर. तिला जायला वाट द्यायची," म्हणत ते कापडात जागोजागी वीतवीतभर चिरा ठेवत आणि त्यांवर झडपा शिवत. एरवी कापड सलग दिसे. वारा आला की झडपा उघडत आणि वारा आरपार निघून जाई.

शेवटी व्यापाऱ्याचं पत्र आलं. बेटावर माल नेणाऱ्या एका गलबताच्या तांडेलाला नवं शीड हवं होतं. चाचांनी ते शिवून आणलं, तर तो त्यांना बेटावर नेऊन उतरवणार होता. ते पत्र चाचांनी मला तीनदा वाचायला लावलं. पुढचे दोन महिने त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. चाची मला म्हणाल्या, "तुमीच समजावा यांना. पोरीच्या शादीचा मंडपबी एवढ्या जिवानं नव्हता शिवला." मी समजावणार होतो, पण चाचांचा चेहरा पाहिला आणि उलट त्यांना सुईत दोरा ओवून दिला. शिडाचं गाठोडं घेऊन ते निघाले, तेव्हा मीच स्टेशनवर पोचवायला गेलो. एवढा सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

महिन्याभरानं परत आले ते उतरलेल्या तोंडानं. समुद्रात दुसऱ्या दिवशी जुनं शीड फाटलं, म्हणून तांडेलानं चाचांचं नवं चढवलं. "वारा आला, मास्तर, आन् सगळ्या झडपा उघडल्या!" या कापडानं वारा अडवायचा आहे, हे चाचांना कळत होतं, हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. बेट समोर दिसत होतं. नारळी दिसल्या, जाळं वाळत घालणारी एक बाई दिसली, तिनं हातही हलवला. पण शिडात वारा ठरेना. प्रवाहानं गलबत ओढत दुसऱ्याच बेटाला नेलं. तिथं धक्का होता, कचेरी होती. माल तिथंच विकला गेला, परतीचा भरला गेला, आणि गलबत माघारी फिरलं. चाचा त्या बेटावर उतरलेच नाहीत. "उतरून काय करू? ते माझं नव्हतं." मी हसलो, तेही हसले. मग त्यांनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला.

तांडेल भला माणूस. झडपा शिवून बंद केल्यात, दिवाळीनंतर या, या खेपेला नक्की उतरवतो, असं त्यानं कळवलं. ते पत्र घेऊन चाचा माझ्याकडे आले. "आता एकट्यानं नाय जायचं. तुमी चला. उतरल्यावर कुणाला तरी दाखवाया नको का?"

मी म्हणालो, "शाळा आहे, परीक्षा आहेत. मे महिन्याच्या सुटीत जाऊ, चाचा."

मे महिन्यात पावसाच्या धास्तीनं ती गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवतात. मी भूगोल शिकवत होतो, मला ते ठाऊक होतं. चाचांनाही ठाऊक होतं. पत्राची घडी घालत ते म्हणाले, "हौ. मेमधी जाऊ."

पुढच्या हिवाळ्यातही त्यांनी विचारलं, आणि मी तेच उत्तर दिलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात विचारायला ते नव्हते. त्यांची फार आठवण येते. आठ-पंधरा दिवसांची रजा हेडमास्तरांनी हसत दिली असती. मी मागितलीच नाही.