मामाची डेन्मार्कची लेक

माझं लग्न मामाच्या मुलीशी झालं. पत्रिकेत तसं छापलंय. भानगड एवढीच की मामाला मुलगी नव्हती, दोन मुलगे होते, आणि मी जिच्याशी लग्न केलं ती डेन्मार्कची होती.

दुष्काळात ती आटपाडीकडे आली. मी रस्त्याच्या कामावर मुकादम, ती तिथल्या पोरांना खायला सरकारी सुकडी वाटायची. इथं राहायच्या परवान्याची मुदत तिथंच संपली. पोरांची रांग काही संपेना, म्हणून ती मुदत वाढवायला सांगलीला गेलीच नाही. मराठी शिकली ती खडी फोडणाऱ्या बायकांकडून, त्यामुळे माझ्यापेक्षा अस्सल बोलायची. पण मी लग्नाचं काढल्यावर माझी आई एवढंच म्हणाली, "ती ह्या घरात आली तर मी हिरीत उडी टाकीन."

तोड काढली इस्लामपूरच्या मामांनी. मामा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. "कन्यादान मी करतो," ते आईला म्हणाले. "मामाची पोरगी केली म्हटल्यावर कोन काय बोलतंय?"

आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच धरतात. आई विहिरीच्या काठावरून मागं फिरली. मी तर इतका खूश झालो की पत्रिकेचा मजकूर स्वतःच लिहिला. नवरीला नवं नाव, मामांची कन्या, मुक्काम इस्लामपूर. छापखान्यात उभं राहून प्रुफंही तपासली. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

लग्नानंतर तिला देश सोडायची नोटीस आली. मी हसलो. आता ती माझी बायको, कोण हलवतंय? सांगलीच्या पोलीस कचेरीत परदेशी लोकांच्या टेबलापाशी गेलो. कारकून सुपारी कातरत होता. त्यानं मला खुर्ची दाखवली, तिला नाही. लग्नाचा पुरावा मागितल्यावर मी हळद लावलेली पत्रिका ऐटीत पुढं ठेवली.

त्यानं ती दोनदा वाचली. "ही सुभेदारांची मुलगी. मग ह्या बाई कोण?"

"तीच ही."

"सुभेदारांची पोस्टिंग फारच लांब होती म्हणायची!" शेजारच्या टेबलावरचे दोघे खदखदून हसले.

"मी हितं हुबी हाय की," ती म्हणाली. "मला इचारा. त्या कागदाला काय इचारताय?"

तिच्याकडे न बघताच तो मला म्हणाला, "रजिस्टर लग्न करा. पण कागदोपत्री तुमचं एक लग्न झालेलं दिसतंय. मला अशी मुलगीच नाही, असं मामांकडून लिहून आणा. नाहीतर तुम्ही दोन बायकांचे नवरे, आणि ह्या बाईंना विमानात बसवायचं."

माझं टाळकं सणकलं. ह्याच जिल्ह्यातली पोरं जिच्या हातचं खाऊन उभी राहिली, तिला बसायला खुर्ची नाही? पातेलं भरलेलं होतं तेव्हा तिचा परवाना विचारायला कुणी फिरकलं नव्हतं! हे सगळं त्याच्या तोंडावर फेकायला मी उठलो, छाती भरून घेतली, आणि तोंडातून निघालं, "साहेब, जरा बघा की."

स्टँडवर तिनं माझी पार साल काढली. "माजा बाप जिता हाय. तू त्येला पुसून टाकलास, मला इचारलंबी न्हाईस. त्यो कारकून मला वळखंना. तू तरी कुठं वळखतोस?" इस्लामपूरची गाडी लागली, तसा मी जागा धरायला पळालो.

मामांना सगळं सांगितलं तर ते माझ्याहून भडकले. "लेक न्हाई म्हनून लिवू? हातावर पानी सोडलंय मी! पळपुटा वाटलो व्हय रं तुला?"

"मामा, तिला घालवतील!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो.

तीच मध्ये पडली. "आवं मामा, माजा बाप दुसरा हाय. कागदावर त्येचं नाव लागू द्या."

मामा निवळले. मग म्हणाले, "लागू दे की. त्याचा मानच हाय त्यो. पन न्हाई म्हनून मी लिवायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी कोटावर पदकं लावून ते कारकुनाच्या टेबलावरून थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरले आणि तिथंच लिहून दिलं: 'मी हिला जन्म दिलेला नाही. लग्नात दिली ती मीच. पत्रिकेतली आणि ही एकच.' साहेबांनी वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि नोटीस थांबवली. पुढं रजिस्टर लग्न झालं. तिनं स्वतःच्या हातानं आपल्या बापाचं नाव घातलं. खाली साक्षीदार म्हणून मामांची सही.

परवाना मिळाला. एका वर्षाचा! संसार आमचा, आणि मुदत घालणार ते.

वर्षानं पुन्हा गेलो तर तोच कारकून, तीच सुपारी. "काय, मामाच्या मुलीची मुदत वाढवायची?"

ह्या खेपेला मामा मागंच उभे होते. "आधी खुर्ची आन माज्या लेकीला."

खुर्ची आली. ती बसली नाही. "गेल्या साली द्यायची हुती," ती कारकुनाला म्हणाली. "आता माजं काम कर."

खुर्ची मोकळीच होती, म्हणून मी आपला बसलो. तिनं आणि मामांनी माझ्याकडे असं बघितलं की तसाच उठलो.